सव्वा महिन्यानंतर

आपल्याकडे बाळंतिणीचा हिशेब सव्वा महिन्याचा असतो. त्या सव्वा महिन्यांत तिला काय द्यावयाचें, काय वर्ज्य करावयाचें, तिनें केव्हां न्हावें, तिला कोणी शेकावें, हें सर्व घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांना पाठ असतें. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरें, बाळंतशेपा, तेलाचें मर्दन, कढत पाण्याचें न्हाणें आणि शेक, इतकी व्यवस्था एका माणसासाठीं घरानें एरवीं क्वचितच केलेली असते. पांचवीच्या रात्रीं सटवाई बाळाचें नशीब लिहावयास येते, म्हणून दिवा तेवत ठेवून बायका जागतात. बाराव्या दिवशीं पाळणा हालतो, घुगऱ्या वांटल्या जातात. या रीतींची थट्टा करण्याची सुशिक्षितांत एके काळीं चाल पडली होती. ती मला मान्य नाहीं. कोंडलेल्या खोलींत कोळशाची शेगडी ठेवणें घातक आहे, आणि सहा महिन्यांच्या आंतील मुलाला आईच्या दुधाखेरीज गुटी वगैरे चाटविणें अपायकारक आहे. एवढें वगळलें, तर शिणलेल्या शरीराला विसांवा आणि पोषण देण्याची ही योजना मोठ्या शहाणपणाची आहे. तिच्यांत उणीव आहे ती दुसरीच. ती फार लवकर संपते.

सव्वा महिना भरला, देवदर्शन झालें, कीं बाळंतीण ‘उठली’ असें आपण समजतों. मदतीला आलेली मावशी गांवीं परत जाते. मालीश करणारी बाई येईनाशी होते. भेटीला येणारांची रीघ थांबते, आणि हळूहळू विळी, झाडू, धुणें बाळंतिणीच्या हातीं येतात. ज्या बाळासाठीं पांचवीच्या रात्रीं सारें घर जागें होतें, त्याच्यासाठीं पन्नासाव्या रात्रीं एकटी त्याची आई जागी असते.

आतां बाळाच्या बाजूनें पाहूं. ब्राझेल्टन नांवाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनीं तान्ह्या मुलांच्या रडण्याची रोजची टांचणें मातांकडून करवून घेऊन १९६२ सालीं तीं प्रसिद्ध केलीं. त्यांवरून असें दिसलें कीं, निरोगी, पोटभर दूध पिणारें मूलसुद्धां पहिले कांहीं आठवडे उत्तरोत्तर अधिक रडत जातें. सहाव्या आठवड्याच्या सुमारास हें रडणें सर्वांत जास्त होतें. दिवसाकाठीं तें जवळजवळ पावणेतीन तासांपर्यंत जातें. आणि मग उतरूं लागतें. म्हणजे आपला सव्वा महिना जेथें संपतो, तेथें बाळाचें रडणें ऐन भरतीला आलेलें असतें. आईला वाटतें, आपलें दूध पुरत नाहीं. शेजारीण म्हणते, दृष्ट लागली. सासूबाई म्हणतात, तुझ्या खाण्यांत कांहीं तरी आलें. वस्तुतः बहुधा कोणाचेंच कांहीं चुकलेलें नसतें. परंतु आरोप मात्र आईच्या पदरीं पडलेला असतो.

आपल्या जुन्या वैद्यकांत सूतिकेच्या पथ्यापाण्याची मुदत दीड महिना सांगितली आहे. त्याबरोबरच, पुन्हा ऋतुदर्शन होईपर्यंत ती स्त्री सूतिकाच समजावी, असेंही कित्येकांचें मत सुश्रुत आणि वाग्भट या दोघांनीं नोंदून ठेवलें आहे. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीच्या बाबतींत ही मुदत पुष्कळ महिन्यांची होते. आपण रूढींत पहिलें मत तेवढें उचललें आणि दुसरें सोडून दिलें. हल्लींची सरकारी व्यवस्थाही नकळत त्याच हिशेबानें चालते. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं खेड्यांतील स्त्रियांना शिकवून त्यांच्याकरवीं घरोघर नवजात अर्भकांची शुश्रूषा करविली, आणि नवजात अर्भकांचे मृत्यु निम्म्याहून कमी झाल्याचें १९९९ सालीं जगापुढें मांडलें. त्यावरून २०११ सालीं देशभर योजना झाली. रुग्णालयांत प्रसूत झालेल्या स्त्रीच्या घरीं आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं जाते. पुढें २०१८ सालीं सुरू झालेल्या दुसऱ्या योजनेप्रमाणें तिची फेरी एकदम तिसऱ्या महिन्यांत होते, आणि ती मुख्यतः बाळाच्या वाढीसाठीं. बेचाळिसाव्या दिवसापासून तिसऱ्या महिन्यापर्यंतच्या ज्या रात्री, त्यांचा वाली कोणी नाहीं.

या काळांत बाळंतिणीचें मन कसें असतें? प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशीं तिला उगाच भरून येतें, क्षुल्लक गोष्टीवरून डोळ्यांत पाणी उभें राहतें. निम्म्याहून अधिक स्त्रियांना हें होतें, आणि दोन आठवड्यांच्या आंत तें आपोआप ओसरतें. त्याला औषध नको. झोंप आणि चार गोड शब्द पुरेत. परंतु दोन आठवडे उलटल्यावरही खिन्नता गेली नाहीं, किंवा दोन-तीन महिन्यांनीं ती नव्यानें आली, तर तिची जात निराळी आहे. बाळ झोंपलें तरी आईला झोंप येत नाहीं. अन्नावर वासना राहत नाहीं. बाळाविषयीं माया वाटत नाहीं, आणि वाटत नाहीं म्हणून मनांतल्या मनांत लाज वाटते. आपण नसलों तर बरें होईल, असा विचार डोकावूं लागतो. हा आजार आहे. त्याला प्रसूतीनंतरचें नैराश्य म्हणतात. तो बोलण्यानें, धीरानें आणि गरज पडल्यास औषधांनीं बरा होतो, आणि त्यांतलीं कित्येक औषधें अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतात. पंडुरोग किंवा थायरॉइड ग्रंथीचा विकार असला तरी अशींच कांहीं लक्षणें दिसतात. म्हणून डॉक्टर आधीं रक्त तपासावयास सांगतात. याहून भयंकर प्रकार हजारांत एक-दोन बाळंतिणींना होतो. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, एकाएकीं, झोंप पार उडते, बोलणें असंबद्ध होतें, नाहीं तें दिसूं-ऐकूं येतें, बाळाविषयीं भलते भ्रम होतात. अशा वेळीं बाहेरची बाधा म्हणून देवऋषाकडे एक दिवस घालविणें म्हणजे दोन जीव धोक्यांत घालणें होय. तिला आणि बाळाला क्षणभरही एकटें न ठेवतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठलें पाहिजे.

नैराश्याचा आजार किती स्त्रियांना होतो, हें ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. गोव्यांत डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनीं मातांची चौकशी केली; २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत शेंकडा २३ माता नैराश्यानें ग्रासलेल्या आढळल्या. पुढें भारतांतील अडतीस अभ्यासांची, म्हणजे वीस हजारांवर मातांची, एकत्र मांडणी २०१७ सालीं झाली. तिचाही आंकडा शेंकडा २२ आला. पांच बाळंतिणींत एक! ज्या घरांत पांच सुना-लेकींची बाळंतपणें झालीं, त्यांनीं हा हिशेब मनाशीं करून पाहावा. गोव्याच्याच मातांच्या मुलांकडे सहा महिन्यांनीं पाहिलें, तेव्हां नैराश्यग्रस्त मातांचीं मुलें वजनानें आणि लांबीनें मागें पडलेलीं दिसलीं. बाळाकडे लक्ष द्यावयाचें आहे, आईचें मग पाहूं, असें म्हणणाऱ्यांना याहून दुसरें उत्तर देण्याची जरूर नाहीं.

त्याच अभ्यासांत कारणें सांपडलीं तीं अशीं : दारिद्र्य, नवऱ्याशीं बेबनाव, आणि मुलगी होणें. शेवटचें कारण आपल्या जिल्ह्यानें खालीं मान घालून ऐकावें असें आहे. २००१ सालच्या जनगणनेंत कोल्हापूर जिल्ह्यांत सहा वर्षांच्या आंतील हजार मुलग्यांमागें मुली होत्या ८३९. ज्या घरांत मुलीच्या जन्माचे पेढे जरा उशिरां वांटले जातात, किंवा पेढ्यांऐवजीं बर्फीवर भागतें, तेथें बाळंतिणीला शब्दानें कोणी दुखविलेलें नसतें. पण त्या खोलींतलें मौन तिला ऐकूं येतें.

‘आम्हीं नाहीं का सात-सात पोरें वाढविलीं? आम्हांला कुठें असलीं दुखणीं झालीं?’ असें विचारणाऱ्या वृद्ध स्त्रियांविषयीं मला आदर आहे. त्यांच्या प्रश्नाला दोन उत्तरें आहेत. एक तर त्यांच्या घरांत सासू, जावा, नणंदा, आजेसासू, आश्रित विधवा असा बायकांचा गोतावळा असे, आणि रडणारें मूल या मांडीवरून त्या मांडीवर जाई. दुसरें असें कीं, त्यांनाही झालें असेल, विचारलें कोणी? आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षीं मूल झालें आणि दहा दिवसांत गेलें. तें दुःख गिळून त्या सातासमुद्रांपलीकडे गेल्या आणि १८८६ सालीं डॉक्टर झाल्या, म्हणून आज आपणांस ठाऊक आहे. ज्या कोठें गेल्या नाहींत, त्यांचें काय झालें तें माजघरांतच राहिलें.

आतां माझ्या गांवाविषयीं बोलतों. जयसिंगपूर हें जुनें गांव नव्हे. १९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं कोल्हापूर-मिरज लोहमार्गालगत ही पेठ वसविली आणि आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांचें नांव तिला दिलें. गल्ल्या सरळ आंखल्या, क्रमानें त्यांना आंकडे दिले, आणि मग माणसें येऊन राहिलीं : व्यापारी, अडते, हमाल, मास्तर, जो तो दुसऱ्या कोठून तरी आलेला. येथें पिढीजात शेजार कोणालाच नव्हता. तो प्रत्येक घराला नव्यानें जोडावा लागला. आज शंभरांहून अधिक वर्षांनीं तीच स्थिति पुन्हा आली आहे. बँकेंतले, महाविद्यालयांतले, कारखान्यांतले तरुण जोडपें येतें, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतें. तिचें माहेर निपाणीकडे, त्याचे आईबाप खेड्यांत शेतीपाशीं अडकलेले. सकाळीं तो सांगली, मिरज किंवा इचलकरंजी गांठतो, आणि दार लागल्यानंतर दिवसभर त्या खोल्यांत एक तान्हें मूल आणि एक तरुण स्त्री एवढींच उरतात. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाला मुलाचें रडणें ऐकूं येतें. आईचें येत नाहीं.

आणि त्या तरुणाचें काय? आपल्या रीतींत बापाला जागाच नाहीं, हें स्पष्ट बोललें पाहिजे. पहिलें बाळंतपण माहेरीं. हा रविवारच्या गाडीनें जाऊन पाहुण्यासारखा ओटीवर बसून येतो. औषधाची चिठ्ठी आणि खर्चाचा आंकडा तेवढा त्याच्या हातीं पडतो. तीन किंवा पांच महिन्यांनीं बाळ-बाळंतीण सासरीं येतात, तेव्हां बाळ त्याला ओळखत नाहीं, आणि रात्रीं रडणारें मूल कसें धरावें हें त्याला कोणी शिकविलेलें नसतें. तो चिडतो, उशिरां घरीं येऊं लागतो, किंवा गप्प होतो. निरनिराळ्या देशांतील त्रेचाळीस अभ्यास एकत्र करून २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, नव्या बापांपैकीं शेंकडा दहांना नैराश्य असल्याचें दिसलें. बायको खिन्न असेल तेथें नवराही खिन्न असण्याचा संभव अधिक. पुरुषाचें दुःख पुष्कळदां रागाच्या वेषांत वावरतें, आणि म्हणून तें कोणाला दुःख वाटत नाहीं.

उपाय काय, असें श्रोते विचारतील. माझ्या मतें पहिला उपाय झोंप. तान्हें मूल चोवीस तासांत आठ ते बारा वेळां अंगावर पितें. दर दोन-तीन तासांनीं उठणाऱ्या माणसाची झोंप एकूण किती तास झाली, याला फारसा अर्थ नसतो. ती सलग किती झाली, याला असतो. चोवीस तासांत एकदां चार-पांच तास आईला कोणी हांक मारावयाची नाहीं, असा घरानें नेम करावा. हें कसें साधेल? रात्रीं नऊला पाजून आईनें निजावें, आणि पहाटे दोनपर्यंत बाळ दुसऱ्यानें सांभाळावें. तो दुसरा बाप असावा. मध्यें भूक लागली, तर आईनें आधीं काढून ठेवलेलें दूध वाटी-चमच्यानें पाजतां येतें. तें स्वच्छ झांकणाच्या भांड्यांत थंडीच्या दिवसांत चार तास बाहेर टिकतें. आपल्याकडचा वैशाख असेल तर फ्रिजमध्येंच ठेवावें. ज्यांना हें जमत नाहीं, त्यांनीं बाळ आईकडे पिण्यापुरतें आणावें आणि ढेंकर काढणें, कपडे बदलणें, थोपटणें हें सर्व आपण करावें. तेवढ्यानेंही अर्ध्या तासाचें जागरण दहा मिनिटांवर येतें. मूल कशानेंही राहत नाहीं आणि आपला संयम सुटत चालला, असें वाटलें, तर त्याला पाळण्यांत उताणें ठेवून पांच मिनिटें दाराबाहेर उभें राहावें. तेवढ्यानें बाळाचें कांहीं बिघडत नाहीं. पण तान्ह्याला रागानें गदगदां हलविलें, तर मेंदूला इजा होऊन तें दगावूं शकतें.

पाहुण्यांविषयीं दोन शब्द. बाळंतविडा घेऊन येणें ही सुंदर चाल आहे, पण टोपडीं-झबलीं घेऊन येणारीं माणसें चहा मागतात, आणि तो बाळंतिणीला करावा लागतो. त्याऐवजीं भाकरी-भाजीचा डबा आणावा, बसलेल्या तासांत धुणें वाळत घालावें, आणि तो विडा सव्वा महिन्यांत न आणतां दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस आणावा. तेव्हां कोणी आलेलें नसतें.

दुसरा उपाय विचारणें. स्कॉटलंडांत १९८७ सालीं कॉक्स, होल्डन आणि सागोव्स्की यांनीं बाळंतिणीला विचारावयाच्या दहा प्रश्नांची एक साधी यादी केली. ती एडिंबरोची प्रश्नावली म्हणून जगभर वापरली जाते. गेल्या आठवड्यांत हसूं आलें का, कांहीं गोष्टीची आस लागली का, उगाच स्वतःला दोष दिला का, भीति वाटली का, असे तिचे प्रश्न. आणि शेवटचा, स्वतःला इजा करण्याचा विचार आला का, हा. घरांत यादी नको. सासूबाईंनीं सकाळीं चुलीपाशीं, ‘बाळ झोंपलं का गं?’ असें विचारण्याऐवजीं, ‘सूनबाई, तुला झोंप लागली का गं? खरं सांग,’ एवढें विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत थांबावें. आत्महत्येचा विचार विचारल्यानें मनांत शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यानें तो बाहेर पडतो.

हें बोलणें पोकळ नाहीं, याचा पुरावा रावळपिंडीच्या खेड्यांतून मिळाला. तेथें डॉ. आतिफ रहमान यांनीं गांवोगांवच्या आरोग्यसेविकांना थोडें शिक्षण देऊन खिन्न मातांकडे पाठविलें. त्या मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या. घरीं जाऊन बसत, ऐकत, निराशेचा विचार कोठें वळतो तें दाखवीत, आणि घरच्यांना कामाला लावीत. बाळ सहा महिन्यांचें झालें, तेव्हां या मातांपैकीं शेंकडा २३ अजून आजारी होत्या. ज्यांच्याकडे साध्या भेटी झाल्या त्यांपैकीं शेंकडा ५३. हे आंकडे २००८ सालीं प्रसिद्ध झाले. आमच्या आशाताईंना हें शिकवितां येणार नाहीं, असें मला मुळींच वाटत नाहीं. मात्र आधींच अनेक कामांनीं वांकलेल्या त्या बाईच्या पाठीवर हें ओझें फुकट टाकूं नये.

जयसिंगपूरच्या शिवेबाहेर पाऊल टाकलें कीं ऊस लागतो. गळिताच्या हंगामांत मराठवाड्याकडून तोडणीच्या टोळ्या येतात आणि शेताच्या कडेला त्यांच्या कोपी उभ्या राहतात. त्यांत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल दोघांच्या नांवावर. एकानें दिवस चुकविला तर खाडा. तेथील बाळंतिणीला सव्वा महिना ठाऊक नाहीं. आठ-दहा दिवसांचें मूल उसाच्या पाचटावर चिंधीच्या झोळींत निजवून ती मोळ्या बांधीत असते, आणि तिच्या त्या कष्टांची साखर आपल्या डिंकाच्या लाडवांसंगें चहांत येते. १९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत गिरणींतील स्त्रियांच्या प्रसूतिरजेचें बिल आलें, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्याला पाठिंबा देतांना, प्रसूतीच्या आधीं व नंतर मातेला विसांवा मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, असें प्रतिपादन केलें. पुढील वर्षीं तो कायदा झाला. २०१७ सालीं पहिल्या दोन मुलांच्या वेळची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. परंतु ती नोकरी असलेल्या बाईला. कोयता ही नोकरी नव्हे. बापाच्या बाबतींत केंद्र सरकार आपल्या सेवकांना पंधरा दिवस देतें, आणि खाजगी दुकानांतल्या वा कारखान्यांतल्या बापाला कायदा एक दिवसही देत नाहीं.

आजाराची शंका आल्यास आपल्या नेहमींच्या डॉक्टरांकडे, किंवा जेथें प्रसूति झाली त्या रुग्णालयांत जावें, आणि ‘थकवा आहे’ असें मोघम न सांगतां किती दिवस झोंप नाहीं, किती दिवस जेवण नाहीं, ती काय बोलते, हें सांगावें. इतक्यांत जाणें शक्य नसेल, तर २०२२ सालीं सरकारनें सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा आंकडा फिरवावा. रात्रीं-अपरात्रींही तेथें मराठींत बोलतां येतें, आणि पैसे पडत नाहींत. हा आंकडा बाळाच्या लसींच्या कार्डावर पेन्सिलीनें लिहून ठेवावा. तें कार्ड घरांत कधीं हरवत नाहीं. बायकोला माहेराहून आणावयास जाणाऱ्या तरुणानें पाळणा, दुपटीं, तेलाची बाटली यांबरोबर सासूबाईंकडून आणखी एक गोष्ट मागून घ्यावी : दोन दिवस तेथेंच राहून बाळाला कसें न्हाऊं घालतात, कोणत्या कुशीवर घेतलें म्हणजे तें शांत होतें, हें आपल्या हातानें करून शिकावें. परतल्यावर पहिल्या रात्रीं बाळ रडूं लागलें, कीं दिवा त्यानें लावावा.